वरच्या बरडाची राखण

इंदू लग्न होऊन या गावात आली त्याला आठ दिवसही झाले नव्हते, तेव्हा तिनं ते भांडण ऐकलं. कणकेनं भरलेले हात घेऊन ती दाराआड उभी होती. नव्या सुनेनं बाहेर डोकावायचं नाही, हे तिला सांगितलेलं होतं. कानांचं कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

अंगणात तिचा सासरा मोतीराम, आणि कुंपणाबाहेर तुळशीराम पाटील. पाटलाच्या मुठीत कडुलिंबाचं एक रोप, मुळासकट उपटलेलं.

"मोत्या, हे तूच उपटलं?"

"मीच उपटलं, पाटील. हे आन याच्या संगचे अकरा."

"अरे, झाड उपटनारा मानूस पाह्यला हाये का कोनी? लोकं झाडं लावतेत, तू उपटून राहिला!"

"वावराच्या धुऱ्यावर लावा, घरामांगं लावा, मी पानी घालाले येतो. बरडावर नाई लावाचं."

"काहून? बरड तुह्या बापाचा हाये का?"

"बरड गावाचा हाये. राखण माही हाये. झाड आलं का सावली येते, सावलीत गवत मरते. झाडावर कावळा बसते, शिकरा बसते, आन तिथूनच टिटवीचे अंडे पायते. उघड्यावर राहनाऱ्यायले उघडंच लागते, पाटील."

"आन मानसायले सावली नाई लागत का?"

"तं तुमच्या वसरीत बसा ना. तिथं भलकशी सावली हाये."

पाटलानं रोप अंगणात भिरकावलं आणि तो गेला. मोतीरामनं ते उचललं, दोनदा फिरवून पाहिलं आणि घरामागं नेऊन लावलं. ते जगलं नाही. त्या दिवसापासून गावानं मोतीरामला 'उपट्या' म्हणायला सुरुवात केली, ती तो मरेपर्यंत.

इंदू जांब नदीकाठच्या सावरगावची. माहेरच्या विहारापुढं तिच्या आजोबांनी गाणी म्हणत पिंपळ लावलेला. त्या पिंपळाखाली तिनं अक्षरं गिरवली, दुसरीपर्यंत. त्यामुळे झाडं उपटणारा सासरा मिळाला हे माहेरी सांगायचं कसं, याची तिला लाज वाटली. मोतीराम तापट आहे, हेकट आहे, आणि या बाबतीत तर साफ चुकलेला आहे, असं तिनं कणीक मळता मळता ठरवून टाकलं. बायका असे निकाल फार लवकर लावतात, आणि मग चाळीस वर्षं ते बदलायची सवड मिळत नाही.

रामाकोन्याहून आत वळलं की तीनेक किलोमीटरवर हे गाव; बोलणं मराठी, सरकारी कारभार हिंदी. गावाच्या डोक्यावर बरड. वर हातभरच माती, खाली नुसता मुरूम. तिथं कापूस येत नाही, संत्रा तर नाहीच नाही. येतं ते गवत. मधून एक नाला जातो, त्याच्या अलीकडे खालचा बरड, पलीकडे वरचा. गावाची रीत अशी, की पाऊस लागला की बरडात ढोर सोडायचं नाही आणि गवताचं बी झडल्याशिवाय विळा लावायचा नाही. बी झडलं की नाही हे एकाच माणसानं सांगायचं. तो माणूस मोतीराम. त्यानं हो म्हटलं की घराघरातून बायामाणसं विळे घेऊन निघत.

मोतीरामनं इंदूला कधी समोर बसवून शिकवलं नाही. तो पुढं चालायचा, ती मागं. "पाय पाहून टाक," एवढंच म्हणायचा. पाय पाहून टाकता टाकता तिला गवतं कळायला लागली. पवन्या, शेडा, मारवेल. लुगड्यात घुसून बसणारी कुसळी. चुरगाळली की हाताला दिवसभर वास ठेवणारी तिखाडी. गोट्यांत गोट्यांसारखीच पडलेली टिटवीची चार अंडी, टोकं आत करून. पायाखालून भुर्रकन उडून छातीत धडकी भरवणारी लाव्ही. पावसाळ्यात गवताच्या वर पुरुषभर उडी मारून परत आत पडणारा काळापांढरा तणमोर तिनं आयुष्यात दोनदाच पाहिला. तो कशाला उड्या मारतो, असं तिनं विचारलं, तर सासरा म्हणाला, "बायको पाहून राहिली असन." आणि स्वतःच लाजून पुढं निघून गेला.

मोतीराम गेला तेव्हा राखण तिच्याकडे आली. नवरा मँगनीजच्या खाणीवर, त्याला कुठला वेळ. राखणीबरोबर स्वतःच्या मनानं करायची मोकळीकही आली. दोन वर्षांनी सौसरला बायकांचं एक शिबिर झालं, तिथं एका बाईनं तिच्या ओटीत शेरभर बी घातलं. सुबाभूळ. पाणी नको, खत नको, बकऱ्यांना पाला, चुलीला लाकूड. जादूचं झाड म्हणे. इंदू तेव्हा जळणासाठी रोज कोसभर जात होती, पाठीवर पोर बांधून. तिनं ते बी खालच्या बरडात टाकलं. टाकताना सासऱ्याची आठवण झाली आणि तिनं मुद्दाम मूठ जरा मोठीच भरली.

झाडं आली. अशी आली की काय सांगावं. गावातल्या बायांची कोसभराची पायपीट थांबली. बकऱ्या गुबगुबीत झाल्या. इंदूचं नाव झालं झाडवाली इंदूबाई. पंचायतीनं एका पंधरा ऑगस्टला तिला शाल दिली, सन्मानाचा कागद दिला, सगळं गाव उठून टाळ्या वाजवत होतं. तिच्यासाठी गाव उठून उभं राहिलं ते तेवढं एकदाच. कागद काचेत घालून बाबासाहेबांच्या फोटोखाली लावला होता. फोटोच्या बरोबरीनं लावायची तिची हिंमत झाली नाही.

खालच्या बरडातलं गवत मात्र एकेक वर्षानं मागं सरत गेलं. आधी पवन्या गेलं, मग शेडा. मग लाव्ही उडेनाशी झाली. टिटवीनं तिथं बसणं सोडलं. आता त्या झाडीत खाली नुसती उघडी माती, आणि दिवसा तिथं रानडुकरं झोपतात. बकऱ्या शेंगा खाऊन नाल्यापलीकडे चरायला जात, आणि त्यांच्या लेंड्यांतून सुबाभूळ वरच्या बरडातही उगवू लागली.

इंदूला हे दिसलं. तिला दिसणार नाही तर कुणाला? ती बोलली नाही. ती रोज सकाळी तरोट्याची भाजी आणते सांगून वरच्या बरडात जायची आणि सुबाभळीची रोपं उपटायची. एकेक, मुळासकट. सात वर्षं. साठी उलटलेली बाई, चोरासारखी इकडंतिकडं बघत झाडं उपटते. मोतीरामनं निदान उघड उपटली होती.

"आत्याबाई," सून दीपाली एकदा म्हणाली, "तुम्ही दोन घंटे भाजी तोडता आन ओटीत मूठभर आनता. तरोटा काय तुमच्याशी बोलत बसते का?"

"चांगला कोवळा पाहून तोडते मी."

"वैशाखात तरोटा? तो तं पावसाळ्यात उगवते."

इंदूनं त्या दिवशी ऐकू कमी येत असल्याचं सोंग घेतलं. म्हातारपणाचा तेवढा फायदा.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळा चांगला लागला होता, गवत गुडघ्याला आलं होतं. सरपंच दामिनी घरी आली, मागं तिचा नवरा कुलदीप. दामिनी बारावी शिकलेली, बोलायला गोड. कुलदीप सरपंच नसूनही सरपंचासारखा खुर्चीवर आधी बसला.

"आजी, तोंड गोड करा," दामिनी म्हणाली. "वरच्या बरडात दोन हजार झाडं लावून राहिलो आपन. मंजुरी आली. पह्यलं झाड तुमच्या हातून लावाचं. गावात झाडवाली तुम्हीच ना."

इंदूनं हातातला पाण्यानं भरलेला गंज खाली ठेवला. "वरच्या बरडात?"

"हो ना. पडीतच हाये ते. कागदावर बंजर लिवून हाये."

"तिथं गवत हाये, बाई."

"तेच तं म्हनलो," कुलदीप म्हणाला. "नुसतं गवत हाये. पुढच्या सोमवारी जेसीबी येते, खड्डे करते. रविवारी ग्रामसभा. तुम्ही चांगलं लुगडं नेसून या, फोटो निघन."

ती दोघं गेली आणि इंदूचे आठ दिवस सुरू झाले.

तिला एका जागी बसवेना. चुलीपुढं बसली की उठायची, अंगणात गेली की परत यायची. भाकर थापता थापता हात थांबायचा. वरच्या बरडात जाऊन उभी राहायची, गवत वाऱ्यानं एका बाजूला झुकायचं, परत उठायचं, आणि त्यात आत कुठंतरी लाव्ही बोलायची. अंडी घातली असतील तिनं. सोमवारी तिथं लोखंडी दात येणार. इंदू मागं वळायची, अर्ध्या वाटेवरून परत वर जायची. गावात लोक म्हणाले, इंदूबाईचं काही हरवलं वाटते.

करायचं काय ते तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सभेत उभं राहून सांगायचं, की झाडवाली इंदूबाई चुकली. खालच्या बरडाचं वाटोळं तिनं केलं, आता वरच्याचं तुम्ही करू नका. तिच्याखेरीज दुसऱ्या कुणी सांगितलं तर लोक हसतील, झाडाला कोण नाही म्हणतो. पण ते तोंडातून निघायचं म्हणजे काचेतला कागद स्वतःच्या हातानं उतरवायचा. म्हणून आधी तिनं इकडच्या तिकडच्या वाटा शोधल्या.

मंगळवारी ती दामिनीकडे गेली. "बाई, तिथं मुरूम हाये. झाडं जगनार नाईत, तुही बदनामी होईन."

"खड्ड्यात काळी माती टाकतो ना आजी."

बुधवारी पंचायतीच्या सचिवाला गाठलं. त्यानं वही उघडून बोट ठेवलं. "अम्मा, रिकॉर्ड में ये ज़मीन बंजर है. घास का तो कोई कॉलम ही नहीं है." माणूस भला होता. चहा पाजला त्यानं.

गुरुवारी ती बापूजींकडे गेली. बापूजी म्हणजे त्या तुळशीराम पाटलाचा मुलगा, आता सत्तरीचा, नाल्याला लागून त्याची संत्र्याची बाग. तो वसरीत खाटेवर पडला होता.

"बापूजी, वरचा बरड वाचवा. गवत गेलं तं तुमच्या म्हशी काय खातीन?"

बापूजी उठून बसला. "इंदू, तू म्हनते हे? तुह्या सासऱ्यानं माह्या बापाचे बारा झाडं उपटले. बाप मरेपर्यंत ते बारा मोजत होता. आता मी सभेत उभा राहून म्हनू, मोतीराम बरोबर होता?"

"मी म्हनते ना तसं."

"मंग तूच म्हन. पन तू नाई म्हननार." तो परत खाटेवर आडवा झाला. "शाल घेतली हाये ना तू."

ती घरी आली ती तडक गोठ्यात गेली आणि बकऱ्यांना उगाच शिव्या घातल्या. दीपाली दारात उभी राहून ऐकत होती.

"आत्याबाई, बकऱ्यायनं काय केलं?"

"सुबाभळीच्या शेंगा खाल्ल्या."

"मंग तुम्ही कायले लावली सुबाभूळ?"

दीपालीनं ते सहज विचारलं होतं. इंदू शेळीच्या खुंट्यापाशीच बसली आणि तिनं सगळं सांगितलं. भांडण, बी, मोठी मूठ, तरोटा. दीपाली हसायला लागली, मग थांबली.

"म्हंजे मले तुम्ही सात वर्षं फसवून राहिल्या."

"तुले काय, मी मलेच फसवून राहिली होती."

"मंग रविवारी मी तुमच्या बाजूले बसते. तुम्ही खाली बसाले लागल्या का मी चिमटा घेईन. सासूले चिमटा घ्याची संधी सोडाची नाई मले."

रविवारी पंचायतीपुढच्या टिनाखाली गाव जमलं. रोपांनी भरलेली गाडी बाजूला उभी. कुलदीपनं माईक घेतला आणि पर्यावरणावर एवढा बोलला की सचिवालाही जांभई आली. मग दामिनीनं करंजाचं एक रोप इंदूच्या हातात दिलं आणि म्हणाली, "दोन शब्द बोला आजी."

इंदू रोप घेऊन उभी राहिली. समोर सगळे ओळखीचे चेहरे, आणि सगळे हसरे. ती परत खाली बसायला लागली. दीपालीनं चिमटा घेतला. जरा जास्तच जोरात.

"हे झाड चांगलं हाये," इंदू म्हणाली. "याचं काही चुकलं नाई. चुकली मी."

कुणाला काही कळलं नाही.

"खालच्या बरडात सुबाभूळ मी टाकली. मायबाप हो, तिथं आधी काय होतं हे तुमच्यातल्या बुढ्यायले ठाऊक हाये. कंबरेएवढं गवत होतं. सारं गाव कापे तरी उरे. टिटवी होती, लाव्ही होती, ससे होते. आता काय हाये? जाऊन पाहा. खाली मातीवर एक काडी उगवत नाई. तुम्ही मले शाल देली, आन मी घेतली. मले तेव्हाच दिसून राहिलं होतं. मी बोलली नाई. माह्या सासऱ्याले तुम्ही उपट्या म्हनत होते, मीबी मनात म्हनत होती. तो बरोबर होता, मी चुकली. वरचा बरड बंजर नाई. तिथं झाडं लावू नोका."

मागून कुणीतरी ओरडलं, "मंग शाल वापस दे, आजी!"

"घे ना रे बावा. एक टोक बकरीनं खाल्लं हाये, बाकीची चांगली हाये."

टिनाखाली हशा उसळला. हसण्यात तिला वाटलं, गेलं सगळं. कुलदीप उठलाच होता, "आजीचं वय झालं" असं काहीतरी म्हणत. तेव्हा बापूजी उभा राहिला. काठी टेकत, सावकाश.

"मोतीराम बरोबर होता असं मी म्हनत नाई," तो म्हणाला. "ते मी मरेपर्यंत म्हननार नाई. पन मले एक सांगा, माही बाग खानारी डुकरं येतेत कोठून? तुमच्या कापसात लोळतेत ते येतेत कोठून? खालच्या बरडाच्या झाडीतून. वरच्या बरडातून आजपर्यंत एक डुक्कर आलं नाई, काहून का तिथं लपाले जागाच नाई. वर बी झाडी केली, तं मंग बाग मीच उपटतो."

आता हसू थांबलं. टिटवीसाठी न हललेलं गाव डुकरांच्या नावानं हललं. इकडून तिकडून आवाज उठले, कुणाची तूर गेली, कुणाचा भुईमूग. कुलदीप दामिनीच्या कानाशी वाकला, मंजुरी, फोटो, वरचे साहेब. दामिनीनं मान बाजूला घेतली.

"सही माही लागते," ती म्हणाली, तेही माईक चालू असताना. "झाडं तं लावाचेच हायेत. रामाकोन्याच्या रस्त्यानं लावू, शाळेभोवती लावू, ज्याले पायजे त्यानं धुऱ्यावर लावा. वरचा बरड या वर्षी राहू द्या. पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी पाहू."

या वर्षी. एवढंच मिळालं. इंदूनं ते करंज सभेतून थेट नेऊन शाळेच्या कोपऱ्यात लावलं, आणि तिथूनच वरच्या बरडाकडे निघाली. तिची पायपीट काही थांबली नाही. या वर्षी म्हटलं म्हणजे पुढच्या वर्षाची धास्ती आजपासूनच. फरक एवढाच, की आता ती ओटी न खोचता जायची आणि भर दिवसा सुबाभूळ उपटायची. गावातली पोरं 'उपटी आजी' म्हणू लागली. ती मागं वळून ओ द्यायची. दोन-तीन बाया पुढं पुढं तिच्यासोबत जायला लागल्या, खालच्या बरडातली लाकडं तोडायला पंचायतीनं मोकळीक दिली, पण तोडलेल्या बुंध्यांना आठ दिवसांत परत फुटवे. हे काम आपल्या हयातीत व्हायचं नाही, हे इंदूला दिसत होतं. ती त्यावर चिडायची, आणि दुसऱ्या दिवशी परत जायची.

दिवाळी झाली. गवत पिकून तांबूस सोनेरी झालं. लोक विचारू लागले, आजी, विळा कधी? ती रोज ओंबी हातात चोळून पाहायची आणि म्हणायची, अजून नाही. बापूजीनं दोनदा निरोप पाठवला. तिनं दोनदा तोच जबाब धाडला. मग एका सकाळी तिनं ओंबी चोळली, हातात नुसता भुस्सा राहिला, आणि तिनं दीपालीला गावात सांगायला पाठवलं.

त्याच आठवड्यात, गवत कापून संपायच्या आत, इंदू गेली. तापबिप काही नाही. चहा ठेव म्हणाली आणि चहा व्हायची वाट पाहिली नाही. पण विळा लागला त्या पहिल्या दिवसाचं सांगायचं राहिलं. तिचं गावातलं शेवटचं काम ते.

पहिला भारा ज्याच्या घरी जनावर नवं व्यालं असेल त्याच्या दावणीला टाकायचा, मग बाकीच्यांनी आपापला न्यायचा, अशी रीत. त्या वर्षी बापूजीची म्हैस व्यालेली. मोतीरामच्या काळी हा भारा पाटलाच्या फाटकाबाहेर टाकून यावं लागे; त्याच्या जातीला आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. इंदूनं राखण हाती घेतली त्या वर्षीच ती न विचारता सरळ आत गेली होती, आणि तेव्हापासून तशीच जायची.

त्या दिवशीही ती भारा डोक्यावर घेऊन फाटकातून आत शिरली. बापूजी वसरीत होता.

"आनला का एकदाचा? मले वाटलं होळीले देशीन."

"बी झडाले तुमची म्हैस थांबते, तुम्ही नाई थांबत."

तिनं भारा गोठ्यात उतरवला, दोर सोडला, गवत झटकून दावणीत पसरलं. म्हशीनं तोंड घातलं. रेडकू मध्ये आलं, त्याला तिनं गुडघ्यानं बाजूला सारलं. मग दोर कोपरावर गुंडाळला, पदरातली कुसळं दोन-चार वेचून टाकली, आणि फाटक ओढून घेऊन दुसऱ्या भाऱ्यासाठी वर निघाली.